दूध उकळल्यावर जीवनसत्त्वं धरून ठेवणारी प्रथिनं जातात, मग बी१२ मिळतं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. घरचे सगळे शाकाहारी. ताईंचं बी१२ तपासलं तर १४८ आलं, म्हणजे कमी, ७२ वर्षांच्या सासूबाईंचं त्याहून कमी. दोघी रोज दूध पितात, तेही नेमाने उकळून. घरपोच देशी गाईचं दूध देणाऱ्याने त्यांना सांगितलं की दुधात जीवनसत्त्वं धरून ठेवणारी खास प्रथिनं असतात, उकळलं की ती मरतात, मग जीवनसत्त्व अंगी लागत नाही. तेव्हा दूध कच्चंच प्या. यात तथ्य किती? आणि सासूबाई कित्येक वर्षं रोज सकाळी पित्ताची गोळी घेतात, त्याचा यात काही हात आहे का?

ताई, दूधवाल्याचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं बरंचसं खरं आहे आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष साफ चुकलेला आहे. अशी प्रथिनं दुधात असतात. उष्णतेने त्यांतली काही मोडतात. पण जीवनसत्त्व तुमच्या अंगी लागावं म्हणूनच ती तिथे बसली आहेत, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. कच्चं दूध पिऊ नका, हे आधीच सांगतो. कारणं पुढे येतीलच. पित्ताच्या गोळीचा संबंध मात्र आहे, आणि चांगलाच आहे. तुमच्या प्रश्नाचा तोच भाग मला जास्त मोलाचा वाटला.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी दुधाच्या प्रयोगशाळेत गेली आणि शेवटची काही वर्षं डेअरीच्या मुलांना शिकवण्यात. त्यामुळे दुधाच्या पातेल्यापर्यंतचं मी खात्रीने सांगेन, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

आता हे ‘धरून ठेवणं’ म्हणजे काय, ते डोळ्यांनी बघता येतं. वर्गात मी एक खेळ करायचो. लिंबू पिळून दूध फाडायचं, पनीर बाजूला काढायचं, खाली उरलेलं पिवळट-हिरवट पाणी, म्हणजे निवळी, दोनदा गाळून काचेच्या दोन नळ्यांत घ्यायचं. दिवे घालवायचे, आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसल्या जांभळ्या बॅटरीचा झोत नळ्यांवर टाकायचा. निवळी पोपटी-पिवळी चमकायला लागते. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात. ही चमक रायबोफ्लेविनची, म्हणजे बी२ची. १८७९ साली ब्लाइथ नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने निवळीतला हा पिवळा रंग पहिल्यांदा नोंदवला, तेव्हा व्हिटॅमिन हा शब्दही जन्माला आला नव्हता.

मग एका नळीत कच्च्या अंड्याचा पांढरा भाग, थोडा पातळ करून, हळूहळू मिसळायचा. निवळी जराशी गढूळ होते आणि चमक मंदावत मंदावत जवळजवळ विझते. अंड्याच्या पांढऱ्यात रायबोफ्लेविनला कवेत घेणारं एक प्रथिन असतं. रेणू त्याच्या खोबणीत जाऊन बसला की त्याची चमक झाकली जाते. जीवनसत्त्व कुठे गेलेलं नसतं, नळीतच असतं, फक्त मोकळं नसतं. आता त्याच नळीत आम्ल थेंब थेंब टाकायचं. जठरात असतो तसा आंबटपणा आला की प्रथिनाची पकड सुटते आणि चमक परत येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. आर. अडिगा यांनी या अंड्यातल्या प्रथिनावर वर्षानुवर्षं काम केलं; ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी ते जरूर शोधून वाचावं.

या खेळातली खरी गंमत मुलांच्या उशिरा लक्षात यायची. अंडं घालायच्या आधी निवळी चमकत होती ना? म्हणजे दुधातलं बहुतेक रायबोफ्लेविन मोकळंच होतं! गाईच्या दुधातूनही रायबोफ्लेविन धरणारं प्रथिन वेगळं काढलेलं आहे, पण त्याचं प्रमाण इतकं थोडं की दुधातल्या बी२चा मोठा हिस्सा त्याच्या हाती लागतच नाही. तरी दूध हा बी२चा उत्तम स्रोत आहे. १०० मिलीला जवळपास ०.१७ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या पेल्यात चांगली भर पडते. प्रथिनाने धरलं नाही म्हणून ते अंगी लागायचं थांबत नाही. आणि उकळण्याला ते फारसं भीतही नाही. त्याचा शत्रू ऊन. उन्हात ठेवलेल्या दुधाला जो जळकट वास येतो, त्यामागेही हेच रायबोफ्लेविन असतं: उजेड शोषून ते स्वतः मोडतं आणि जाता जाता आजूबाजूच्या प्रथिनांनाही बिघडवतं. सकाळी दारावरच्या पिशवीत दुधाची थैली उन्हात तासभर लोंबकळू देणं हे पातेल्यातल्या उकळीपेक्षा बी२ला जास्त जाचक आहे.

अंड्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. व्यायामशाळेतली पोरं दुधात कच्ची अंडी फेटून पितात. अंड्याच्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं दुसरं एक प्रथिन असतं, ते बायोटिनला असं पकडतं की जठरातलं आम्लही ती पकड सोडवू शकत नाही. बायोटिन आत जातं आणि तसंच बाहेर पडतं. अंडं शिजवलं की अॅव्हिडिन मोडतं आणि प्रश्न मिटतो. म्हणजे इथे जीवनसत्त्व धरणारं प्रथिन मेलेलंच बरं. तुमच्या दूधवाल्याला हे जरूर सांगा.

आता फोलेट, हेही बी गटातलंच एक जीवनसत्त्व. दुधातली फोलेट धरणारी प्रथिनं हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत जास्त तपासलेला भाग आहे, आणि माझी स्वतःची फजितीही इथलीच आहे.

आमच्याकडे फोलेट मोजायची जुनी पद्धत जिवाणूंची होती. लॅक्टोबॅसिलस केसिआय नावाचा जिवाणू फोलेट मिळाल्याशिवाय वाढत नाही. बाकी सगळं खाद्य भरपूर, फक्त फोलेट नाही, अशा द्रवात तो सोडायचा, त्यात दुधाचा नमुना घालायचा आणि नळी किती गढुळते ते बघायचं. जितकं फोलेट, तितकी वाढ. एकदा एका हुशार मुलाने विचार केला की फोलेट उष्णतेने नासतं, मग नमुना तापवायचा कशाला? त्याने निवळी बारीक गाळणीतून गाळून निर्जंतुक केली आणि थंडच वापरली. दुसऱ्या दिवशी नळ्या स्वच्छ. वाढ जेमतेम. सगळ्या नमुन्यांत फोलेट जवळजवळ शून्य! मी त्याच्यावर चिडलो. मग कागद काढून बघितला तर त्यावर मीच लिहिलेल्या कृतीत ‘आधी अॅस्कॉर्बेटच्या द्रावणात तापवून घेणे’ ही ओळ टाइप करताना गळली होती. चूक माझी. नमुने तापवून पुन्हा लावले, नळ्या दुधाळ झाल्या.

फोलेट पहिल्या दिवशीही तिथेच होतं. पण ते प्रथिनाच्या मुठीत होतं आणि जिवाणूला मूठ उघडता येत नव्हती. तापवल्यावर मूठ उघडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट दाखवून दिलं होतं. त्या गळलेल्या ओळीमुळे मला ते नव्याने शिकायला लागलं.

यावरून या प्रथिनाच्या कामाचा एक अंदाज बांधता येतो. वासराच्या आतड्यात असंख्य जिवाणू टपलेले असतात. मोकळं फोलेट मिळालं तर ते आधी हात मारतील. प्रथिनाने ते झाकून नेलं तर वासराच्या वाट्याला येतं. शिवाय गाईच्या रक्तातून फोलेट कासेत ओढून दुधात साठवायला या प्रथिनाची मदत होते असंही मानलं जातं. दोन्ही कामं गाय आणि तिचं वासरू यांच्यातली. आपण त्या व्यवहारात मधेच पेला घेऊन उभे आहोत.

माणसाच्या पोटात हे प्रथिन फायद्याचं की तोट्याचं, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. दुधातलं नैसर्गिक फोलेट जठराच्या आम्लात त्याच्या पकडीतून सुटतं. पण दुधात वरून घातलेलं कृत्रिम फोलिक अॅसिड त्याला जास्त घट्ट चिकटतं; नेदरलँड्समध्ये नळ्या-पंपांच्या कृत्रिम जठर-आतड्यात केलेल्या प्रयोगांत दिसलं की हे प्रथिन जास्त असलं तर फोलिक अॅसिड सुटायचं प्रमाण घटतं. म्हणजे इथेही प्रथिन मोडलेलं असेल तर नुकसान नाही, झालाच तर थोडा फायदा. डेअरीतल्या पाश्चरीकरणात, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंदांत, ते बरंचसं शाबूत राहतं. टेट्रा पॅकच्या दुधाला १३५ अंशांच्या वर नेतात, त्यात ते जवळजवळ संपतं. दह्यासाठी दूध ८५-९० अंशांवर काही मिनिटं ठेवलं तरी तेच. घरच्या खळखळ उकळीत वेगळं काय होणार?

तसंही फोलेटसाठी गाईच्या दुधावर भिस्त ठेवायची नसते. १०० मिलीला ५-७ मायक्रोग्रॅम, गरज रोज २०० ते ३०० मायक्रोग्रॅमच्या घरात. मेथी, पालक, मूग, हरभरा हे त्याचे खरे धनी. शेळीच्या दुधात तर फोलेट गाईच्या दुधाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच असतं, त्यामुळे फक्त शेळीच्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्यांना एका विशिष्ट प्रकारचा पंडुरोग (रक्तक्षय) होतो. जर्मन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात त्याचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे ‘शेळीचं दूध हलकं, बाळाला मानवतं’ असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

याच प्रथिनावरून उलट दिशेची भीतीही फिरते: गाईचं दूध मुलांच्या मेंदूचं फोलेट अडवतं, सबब बंद करा. त्यामागे एक खरी, पण फार दुर्मिळ गोष्ट आहे. काही मुलांच्या शरीरात फोलेट मेंदूत नेणाऱ्या ग्राहक-प्रथिनाविरुद्ध (रिसेप्टर) प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, आणि गाईच्या दुधातलं फोलेटचं प्रथिन त्या ग्राहकाशी बरंच मिळतंजुळतं असल्याने दूध बंद केल्यावर ती प्रतिपिंडं उतरलेली दिसली, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. ते निदान मेंदूरोगतज्ज्ञ करतात, मोबाइलवरचा व्हिडिओ नाही.

अ जीवनसत्त्वाबद्दलचा गैरसमज तर शिकल्यासवरलेल्यांतही असतो. निवळीत सर्वांत जास्त असलेलं प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. लिटरभर गाईच्या दुधात ते सुमारे ३ ग्रॅम असतं, निवळीतल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं. १९८६ साली त्याची रचना उलगडली तेव्हा ते रक्तात अ जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या प्रथिनासारखं निघालं: मधे पोकळ, पेल्यासारखं. परीक्षानळीत ते रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्व, छान धरतं, ड जीवनसत्त्वही धरतं. लगेच पुस्तकांतून आलं की दुधातल्या अ जीवनसत्त्वाचा हाच वाहक. पण दुधातून काढलेल्या या प्रथिनाच्या पेल्यात बघितलं तर बहुतेक मेदाम्लं सापडतात. अ जीवनसत्त्व असतं स्निग्धांशात, मेदाच्या थेंबांत विरघळलेलं. साय काढली की ते सायीबरोबर जातं. प्रथिन मागे राहतं, त्याचा काही उपयोग होत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट: आईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन मुळीच नसतं. तरी बाळांना आईच्या दुधातून अ जीवनसत्त्व व्यवस्थित मिळतं. मी हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारायचो, आणि उत्तर पाठ करून आलेली मुलं इथे अडायची.

टोन्ड दुधातून स्निग्धांशाबरोबर गेलेलं परत घालायचं म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने लिटरमागे अ जीवनसत्त्व २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम घालण्याचं प्रमाण ठरवलं आहे. थैलीवर निळं ‘+एफ’ दिसलं तर ते यासाठी. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर गाईच्या दुधात ते मुळातच नाममात्र आणि त्याला धरणारं खास प्रथिनही नाममात्र.

आता बी१२. हे गाय स्वतः बनवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू बनवतात, आणि त्यासाठी चाऱ्यातून कोबाल्ट लागतं. तिथून ते रक्तात, रक्तातून दुधात. गाईच्या दुधात बी१२ धरणारं मुख्य खास प्रथिन ट्रान्सकोबालामिन; डॅनिश संशोधकांनी १९९६ साली ते दुधातून शुद्ध स्वरूपात काढून दाखवलं. काही भाग केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनालाही चिकटलेला असतो. आईच्या दुधात मात्र वेगळंच प्रथिन असतं, हॅप्टोकॉरिन, आणि तेही बी१२च्या मानाने कितीतरी जास्त, बहुतांश रिकामं. म्हणजे निसर्गाने दोन दुधांत दोन वेगळे हमाल ठेवले आहेत.

तुमच्या पोटात काय होतं ते बघा. दूध जठरात गेलं की आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस मिळून बी१२ला प्रथिनातून सोडवतात. सुटलेलं बी१२ लाळेतून आलेलं हॅप्टोकॉरिन उचलतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचे पाचकरस ते हॅप्टोकॉरिन मोडतात आणि बी१२ जठरानेच बनवलेल्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’च्या हाती पडतं. तो त्याला लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथे ते रक्तात घेतलं जातं. या सगळ्या साखळीत तुमचे स्वतःचे वाहक काम करतात. गाईचा वाहक पहिल्याच नाक्यावर उतरतो. उकळीने तो आधीच उतरला असेल तर तुमचं काय बिघडलं?

एक गोष्ट दुसऱ्या बाजूची सांगायला हवी. २०१२ साली कॅनडात डुकरांवर झालेल्या प्रयोगात गाईच्या दुधातलं बी१२ गोळीतल्या कृत्रिम बी१२पेक्षा चांगलं शोषलं गेलेलं दिसलं. दुधाच्या घडणीत काहीतरी उपकारक आहे हे मला मान्य आहे. त्यात ट्रान्सकोबालामिनचा वाटा असेलही. पण त्यावरून दूध कच्चं प्यावं असं निघत नाही.

उकळण्याचा तोटा होतो तो खुद्द बी१२चा, आणि तो मोजलेला आहे. २ ते ५ मिनिटं उकळत ठेवलं तर सुमारे ३० टक्के जातं, अर्धा तास आटवलं तर निम्मं. पाश्चरीकरणात ५-१० टक्के. बासुंदी करणाऱ्यांनी त्यात बी१२ शोधू नये, बासुंदी बासुंदीसाठी खावी.

पैशाच्या हिशेबासारखा हा हिशेब मांडू. गाईच्या १०० मिली दुधात बी१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. तुम्ही ‘रोज दूध पितो’ म्हणता ते किती? माझ्या अनुभवात निम्म्या घरांत रोजचं दूध म्हणजे चहातलं दूध. ४० मिलीचे चार चहा धरले तर १६० मिली, म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम, त्यातून चहा खदखदवल्याचे वजा. खरोखर दोन पेले, ४०० मिली घेतलं तर १.६, उकळीचे ३० टक्के गेले तरी १.१ उरतात. उरलेलं दही, ताक, पनीर यांतून यायला हवं. पुण्यातच शाकाहारी तरुणांना रोज दूध देऊन केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांची बी१२ची स्थिती सुधारलेली दिसली. म्हणजे दूध उपयोगी आहे, फक्त पुरेसं प्यायलं पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९०च्या दशकात जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यात ६० टक्क्यांहून अधिक जणींचं बी१२ कमी निघालं. ज्या गावांत गोठे आहेत त्याच गावांत! मला त्याचं नवल वाटलं नाही. दूध पहाटे संकलन केंद्रावर जातं, घरात चहापुरतं उरतं.

अजून एक. इंट्रिन्सिक फॅक्टरची एका वेळची उचल मर्यादित असते, एका जेवणात दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणून दिवसभराचं दूध एकदाच ढोसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यावं. थैलीचं दूध आधीच पाश्चराइज्ड असतं. त्याला एक उकळी आली की गॅस बंद. सकाळी, दुपारी, रात्री पुन्हा पुन्हा उकळायची सवय मात्र सोडा. लागेल तेवढंच वेगळं गरम करा, बाकीचं झाकून फ्रीजमध्ये.

कच्च्या दुधाचं. ज्याने गोठ्यावर काम केलं आहे तो कच्चं दूध पीत नाही. ब्रुसेलोसिसचा ताप महिनोन् महिने चढ-उतार करतो, सांधे धरतात, आणि निदान व्हायलाही वेळ लागतो. गाईकडून येणारा क्षय आहे. कासेला लागलेलं शेण आहे. देशी गाय असो की होल्स्टीन, हे जंतू जात विचारत नाहीत. देशी गाईचं दूध ‘ए२’ म्हणून विकतात, त्याचा तर या विषयाशी काडीचाही संबंध नाही, ए१-ए२ हा बीटा-केसीनच्या साखळीतल्या ६७व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे, जीवनसत्त्वं धरणारी प्रथिनं वेगळी. ७२ वर्षांच्या बाईंना तीस टक्के बी१२ वाचवण्यासाठी कच्चं दूध देणं म्हणजे मूठभर धान्यासाठी कणगीला आग लावणं.

दही-पनीरचं थोडक्यात. दही लावताना आणि ठेवताना बी१२ थोडं घटतं, कारण काही जिवाणू ते स्वतःच वापरतात. फोलेट मात्र विरजणातल्या एका जिवाणूमुळे वाढूही शकतं. पनीर करताना पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं बरीचशी पाण्यात जातात. ते पाणी कणकेत वापरा. जांभळ्या बॅटरीखाली पाहिलंत तर पुन्हा कधी फेकणार नाही. चक्का टांगल्यावर खाली जमणाऱ्या पाण्याचंही तेच. तुपात बी१२ नसतं, कितीही गावरान असलं तरी. आणि कोणी चीक दिला तर खरवस जरूर करा. पहिल्या चिकात बी१२ साध्या दुधाच्या कित्येक पट असतं आणि निवळीतल्या प्रथिनांची तर रेलचेल असते. ती प्रथिनं वाफेवर मोडतात म्हणूनच खरवस विरजण नसताना वडीसारखा घट्ट बसतो. ज्या मोडण्याला तुमचा दूधवाला मरण म्हणतो, त्याच्याच वड्या आपण वेलची घालून खातो.

आता सासूबाई. वर सांगितलं की प्रथिनात अडकलेलं बी१२ सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. रोजची पित्ताची गोळी, विशेषतः आम्ल बनणंच थांबवणारी, नेमकं तेच आम्ल कमी करते. वयानेही जठराचं अस्तर झिजून आम्ल घटतं. मग दूध कितीही चांगलं असलं, कच्चं असलं वा उकळलेलं, त्यातलं बी१२ प्रथिनातून पुरतं सुटतच नाही. दूधवाला म्हणतो प्रथिनाने धरलेलं असेल तरच अंगी लागतं. सासूबाईंच्या बाबतीत नेमकं उलट, न सुटणं हीच अडचण. गोळीतलं किंवा इंजेक्शनमधलं बी१२ कशालाही चिकटलेलं नसतं, म्हणून त्याला आम्लाची गरज पडत नाही. मधुमेहासाठी त्या मेटफॉर्मिन घेत असतील तर तेही बी१२ कमी करतं, हे लक्षात असू द्या.

१४८ किंवा त्याखालचे आकडे दुधाने भरून निघायचे नाहीत, दोघींनाही डॉक्टरांकडून बी१२चा पूर्ण कोर्स घ्यावा लागेल. दूध नंतर ती पातळी टिकवायला मदत करेल. तोवर मनानेच फोलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी१२अभावी नसांचं होणारं नुकसान आत चालू राहतं. सासूबाईंच्या हातापायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, विसरायला होतं का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. पित्ताची गोळी एकदम बंदही करू नका. तिचं पाकीट पर्समध्ये टाका आणि ‘ही किती वर्षं चालू आहे’ हे त्यांना दाखवून विचारा.